अर्जाविना दिलेली नक्कल

यवतमाळच्या जिल्हा कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये रत्नप्रभा पांढरीपांडे यांनी एकतीस वर्षं काढली. जुना फेरफार असो की चाळीस वर्षांपूर्वीचा निकाल, नक्कल हवी असेल तर आधी छापील अर्ज, त्यावर तिकीट, खाली सही. मग आठ दिवसांनी नक्कल. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस अर्जाशिवाय नक्कल मागायला आला आणि साहेबांचं नाव घेऊन टेबलावर हात आपटू लागला. बाईंनी त्याच्या हाताखालची टाचण्यांची डबी बाजूला केली आणि कोरा अर्ज पुढे सरकवला. तेव्हापासून कचेरीत त्यांच्या माघारी त्यांना ‘अर्जबाई’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

लग्न त्यांनी केलं नाही. आर्णी रोडवरच्या घरात भाऊ, भावजय आणि भाची केतकी यांच्यासोबत त्या राहत. घरातही त्यांची शिस्त कचेरीतलीच होती. विजेची बिलं वर्षवार, लग्नपत्रिका आडनावांप्रमाणे. सरकारी कागदाचे वर्ग असतात: अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षांचा, क दहा, ड एका वर्षाचा आणि मग नष्ट. बाईंना जगातली बहुतेक कागदपत्रं या चार वर्गांत बसवता येत.

गाण्यांचा नाद लागला तो निवृत्तीच्या दोन वर्षं आधी. कचेरीतला शिपाई पूनमसिंग याच्या मुलीचं लग्न होतं, दारव्ह्याच्या पुढे अकरा किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यात. निघायच्या वेळी नवरी एकेका नातेवाइकाच्या गळ्यात पडून रडू लागली. रडणं सुरात होतं, त्याला ओळी होत्या, आणि प्रत्येकासाठी ओळी वेगळ्या होत्या. पूनमसिंग म्हणाला, “ह्याले ढावलो म्हन्तेत बाई. शिकवा लागते पोरीले. महिना महिना शिकवतेत.” रडणं शिकवता येतं ही गोष्ट बाईंनी पहिल्यांदा ऐकली. शिकवणारी बाई कोण, असं त्यांनी विचारलं. पूनमसिंगने आपल्या बहिणीकडे बोट दाखवलं.

ती लालीबाई. रामसिंग आड्यांची बायको. तांड्यातल्या निम्म्या पोरींनी तिच्याकडून ढावलो शिकून सासरची वाट धरली होती. आता मात्र कोणी शिकायला येत नव्हतं. “डीजे वाजते न वो,” ती म्हणाली. “पोरगी रडली काय अन् हासली काय, कोनाले आयकू येते?”

बाईंनी आधी छोटा रेकॉर्डर घेतला, पुढे चांगला फोन घेतला. सात-आठ वर्षांत दोनशे बारा गाणी झाली. प्रत्येकाला क्रमांक, गाणारीचं नाव, गाव, तारीख, प्रकार. भरून घेण्याआधी त्या विचारत, “गाणं भरून घेऊ का?” बाया हो म्हणत. भरून घेतलेलं पुढे कोणाकोणाला देऊ, हे त्यांनी एकाही बाईला विचारलं नव्हतं. ज्यांनी मागितलं त्यांना त्यांनी दिलं. नागपूरचा एक प्राध्यापक पेन ड्राइव्ह घेऊन आला, उमरखेडच्या एका संस्थेने ईमेलवर मागितलं. गाणी वाचली पाहिजेत, जास्त लोकांकडे असली तर वाचतील, असं त्या म्हणत आणि ते चूक नव्हतं. फक्त हातात कागद नसल्यामुळे आपण नक्कल देतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

लालीबाईशी त्यांचं जमलं होतं. ती त्यांना ‘रतनबाई’ म्हणायची आणि त्यांच्या पातळ भाकरीवर हसायची. बाईंना तिची गोर बोली, बंजाऱ्यांची भाषा, निम्मी-अर्धी कळायची. नडलं की लालीबाईची मुलगी उज्ज्वला अर्थ सांगायची. थोरला सुनील फारसा बोलत नसे. बाई आल्या की खाट टाकून बाहेर जायचा.

सन दोन हजार सतराच्या पावसाळ्यात कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. फवारणी करताना औषध खाली पडायच्या ऐवजी तोंडावर येत होतं. ऑगस्टपासून विषबाधा झालेली माणसं दवाखान्यात येऊ लागली आणि पेपरात रोज मेलेल्यांची नावं छापून येऊ लागली. सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी बाईंनी यादीत वाचलं: सुनील रामसिंग आडे, वय सव्वीस.

नवव्या दिवशी त्या तांड्यात गेल्या. पुरुष बाहेर मांडवाखाली गप्प बसले होते. घरात बायकांची गर्दी होती. बाई उंबऱ्यात आल्या तशी लालीबाई भिंतीपासून उठली आणि हात पसरून, सुरात, त्यांच्याकडे येऊ लागली.

तांड्यातल्या बाया दुःखात अशा रडतात, पण आपल्या माणसाच्या गळ्यात पडून. परक्यापुढे डोळे पुसून चहा टाकतात. लालीबाईने बाईंना त्या घटकेला बहीण म्हणून धरलं होतं. हे बाईंना कळलं. इतक्या वर्षांत तेवढं कळायला त्या शिकल्या होत्या. आणि ते कळत असतानाच त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याने फोनवरचं लाल बटन दाबलं. पुढे त्यांनी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं की ते सवयीने झालं. सवयीने झालं हे खरंच होतं.

रेकॉर्डिंग सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं निघालं. घरी येऊन त्यांनी ते ऐकलं. दोन जागी स्वतःचा हुंदका आला, तो ऐकून त्या अवघडल्या. निम्मे शब्द कळले नाहीत. उज्ज्वलाला अर्थ विचारायचं धाडस झालं नाही. यादीत प्रकाराच्या रकान्यात काय लिहावं हा प्रश्न पडला. दुःखातल्या रडण्याला त्यांच्याकडे वर्ग नव्हता. चाल ढावलोच्या जवळची होती, म्हणून त्यांनी लिहिलं: ‘क्र. २१३. लालीबाई आडे. ढावलो.’ यादी पूर्ण झाली आणि त्यांना बरं वाटलं.

केतकी एका कॉलेजात शिकवायची. डिसेंबरात ती म्हणाली, “आत्या, स्नेहसंमेलनात पोरींना बंजारा नृत्य बसवायचंय. तुझ्याकडचं एखादं ओरिजनल दे ना. इंटरनेटवरचं नको, ते सगळं फिल्मी असतं.”

“लग्नाची गाणी ‘ढावलो’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत,” बाई म्हणाल्या. “घे त्यातलं.”

संमेलनाच्या दिवशी बाईंना दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. लोकगीतांचं जतन करणाऱ्या म्हणून सुरुवातीलाच त्यांना शाल आणि नारळ मिळाला. सहाव्या क्रमांकाला पडदा उघडला. काचा लावलेले भाड्याचे घागरे घालून दहा पोरी उभ्या होत्या. आधी ढोलकीचे ठेके आले, आणि त्यांवर लालीबाईचा आवाज.

बाईंनी तो तिसऱ्या ओळीत ओळखला. कोणतं रेकॉर्डिंग आहे तेही ओळखलं. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्याचा आविर्भाव करून हसत मागे फिरत होत्या, पुन्हा गळ्यात पडत होत्या. उठावं, साउंडवाल्याकडे जावं, बंद करा म्हणावं. अंतर वीस पावलांचं होतं. बाईंच्या मांडीवर शाल होती आणि शालीवर नारळ. शेजारी प्राचार्य बबनराव वाकून म्हणाले, “काय आवाज आहे हो!” बाई म्हणाल्या, “हो.” नाच संपला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.

घरी जाताना केतकीला त्यांनी काही सांगितलं नाही. कोणाला कळणार आहे, असा विचार त्यांच्या मनात आला. एकतीस वर्षांच्या नोकरीत असं म्हणणारी माणसं त्यांनी काउंटरपलीकडे पुष्कळ पाहिली होती.

संमेलनानंतर अठराव्या दिवशी उज्ज्वला आर्णी रोडच्या घरी आली. ती यवतमाळातच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. पाणी घेतलं नाही. उभ्यानेच फोन पुढे धरला. त्यावर संमेलनातल्या नाचाचा व्हिडिओ चालू होता.

“मावशी, हा आवाज कोनाचा हाये?”

“कोणाचा गं?” बाई म्हणाल्या.

“तुम्ही नाई ओळखला? मी तं पयल्याच ओळीत ओळखला.”

“हल्ली कोणीही काहीही भरून घेतं,” बाई म्हणाल्या. “कुठून तरी मिळालं असेल त्यांना.”

उज्ज्वलाने त्यांच्याकडे पाहिलं. “त्या दिवशी आमच्या घरात मोठे फोन दोनच होते. एक माहा. थो बंद पडलता.”

बाई खुर्चीवर बसल्या.

“याडीच्या, माह्या मायच्या, रडण्याची नक्कल करून राह्यल्या पोट्ट्या. अन् लोक टाळ्या वाजवून राह्यले.”

नक्कल हा शब्द बाईंनी जन्मभर एकाच अर्थाने वापरला होता. आज त्याचा दुसरा अर्थ त्यांच्या बैठकीत उभा होता, आणि पहिलाही.

“मी केतकीशी बोलते. तिला काढून टाकायला—”

“नाच गेला खड्ड्यात,” उज्ज्वला म्हणाली. “त्यात बोल काय हायेत, माहीत हाये का तुम्हाले?”

“सगळे नाही.”

“मंग दिलं कायले?”

उज्ज्वलाने मग एकेक ओळ मराठीत सांगितली, वर्गात धडा वाचावा तशी. फवारणीचं काम रामसिंगने घेतलं होतं. त्या दिवशी त्याला ताप होता म्हणून सुनील गेला. लालीबाई रडताना लेकाला म्हणत होती: बापाच्या वाटणीचा पंप तू पाठीवर घेतलास, बाप खाटेवर निजला आणि तू त्याच्या जागी गेलास, बापाने तोंडाला बांधायला फडकंही दिलं नाही रे.

“रडण्यात बाई काहीबी बोलते,” उज्ज्वला म्हणाली. “सासूले बोलते, देवाले शिव्या देते. माणसं बाहेर बसतेत, आयकत नाईत. आयकलं तरी कोनी ध्यानात ठेवत नाई, मागून कोनी उकरत नाई. रडलं की झालं, संपलं थे. तुम्ही संपू देल्लं नाई मावशी.”

“रामसिंगजींनी—”

“आयकलं. तांड्याच्या ग्रुपवर आलता व्हिडिओ. दुकानात पोट्टे पाहून राह्यले होते, बापू तंबाखू घ्याले गेलता. चार दिवस झाले, घरी जेवत नाई. वावरात डबा बोलावते. याडीले म्हनते, काम हाये. याडीनं अजून आयकलं नाई, तिले कारनच माहीत नाई.” ती थांबली. “आता मी सांगू, का तुम्ही सांगता?”

“मी सांगते,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी केतकीला सगळं सांगितलं. केतकीचा चेहरा उतरला. “तू फाइलला ढावलो नाव दिलं होतंस, आत्या. मी काय ओळखणार?”

“तुझी चूक नाही.”

“मी सगळ्या ग्रुपवर टाकते, डिलीट करा म्हणून.”

“करतील?”

“काही करतील,” केतकी म्हणाली. “काही आधी बघतील, मग करतील. काही बघून पुढे पाठवतील.”

दुसऱ्या दिवशी बाई आणि उज्ज्वला एसटीने दारव्ह्याला गेल्या, तिथून जीपने तांड्याकडे. वाटेत बाई मनात वाक्यं जुळवत होत्या आणि प्रत्येक वाक्य कचेरीतल्या खुलाशासारखं होत होतं: सदर ध्वनिमुद्रण अनवधानाने. रस्त्याच्या कडेला उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग होते. बोंडअळीने यंदा दुसरी वेचणी कोणाच्या हाती लागली नव्हती.

लालीबाई अंगणात चुलीसाठी पऱ्हाट्या मोडत होती. “ये वो रतनबाई,” ती म्हणाली. “गाणं भरून न्यायले आली का? आता आवाज बसला माहा. घोगरं निघन तुह्या मशीनमंधी.”

बाई खाटेवर बसल्या नाहीत. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं: तू माझ्या गळ्यात पडून रडलीस ते मी फोनमध्ये भरून घेतलं, लग्नाचं गाणं म्हणून दिलं, त्यावर पोरी नाचल्या, ते सगळीकडे गेलं, रामसिंगजींनी ऐकलं. लालीबाईला ‘भरून घेतलं’पर्यंत कळलं. पुढचं उज्ज्वलाने गोर बोलीत सांगितलं. ‘बापू’ हा शब्द आला तशी लालीबाईच्या हातातली काटकी मोडायची थांबली.

तिने ती काटकी बाजूला टाकली. मग म्हणाली, “बटन कवा दाबलं?”

“काय?”

“मी गळ्यात पडली, तवा दाबलं, का मागून?”

मागून, असं सांगता आलं असतं. सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं ते रेकॉर्डिंग कुठून सुरू होतं, हे पडताळून पाहायला कोणी जाणार नव्हतं.

“आधी,” बाई म्हणाल्या. “तू माझ्याकडे येत होतीस तेव्हा.”

“हां,” लालीबाई म्हणाली. “माह्या पाठीले तुहा एकच हात लागला होता. मले वाटलं, शहरातली बाई, दोन्ही हातांनी धरायची सवय नसंन.”

ती रागावून बोलली नाही. शंका फिटल्यावर माणूस बोलतो तसं बोलली. बाईंना वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उज्ज्वलाने शेजारच्या पोरीला वावरात पाठवलं. अर्ध्या तासाने रामसिंग आला. तो अंगणाच्या कडेलाच थांबला, आत आला नाही. बाईंना त्याने हात जोडले. “राम राम, मॅडम.” यापूर्वी तो त्यांना ‘बाई’ म्हणायचा.

“माझी चूक झाली,” बाई म्हणाल्या.

“थे पुसता येते का?”

“माझ्याकडचं येतं.”

“अन् बाकीचं?”

“नाही.”

“कितीकाकडे असंन?”

“सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. जिल्ह्यातला कोणता कागद कोणत्या बस्त्यात आहे हे डोळे मिटून सांगणारी ही बाई होती.

“पुसून टाक तं तुह्यातलं,” लालीबाई म्हणाली. “आमच्यासमोर टाक.”

बाईंनी फोन काढला. दोनशे तेरा क्रमांकावर बोट ठेवलं. काढून टाकायचं का, असं फोनने विचारलं. त्यांनी हो म्हटलं. उज्ज्वलाने न विचारता फोन त्यांच्या हातून घेतला आणि दोन-तीन ठिकाणी बोट फिरवलं. “इथंबी एक हाये. आपोआप वर चढवून ठेवते फोन.”

“मला माहीत नव्हतं.”

“तुम्हाले माहीत नव्हतं,” उज्ज्वलाने तेच शब्द परत म्हटले आणि तेही पुसलं.

रामसिंग हे सगळं बघत होता. मग तो म्हणाला, “अन् माह्या कानातलं?”

प्रश्न कोणाला होता हे कळायला जागा नव्हती. तो बाईंकडे बघत नव्हता, बायकोकडेही नाही. त्याच्या पायावर वावरातली माती वाळलेली होती. लालीबाई उठली. पदर झटकला आणि त्याच्याशी बोलू लागली, गोर बोलीत, हळू आवाजात. हे रडणं नव्हतं, त्याला सूर नव्हता. बाईंच्या कानाला सुनीलचं नाव दोनदा लागलं. बाकी काही नाही. रामसिंगने एकदा मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते समजलं नाही. मग तो काहीतरी म्हणाला आणि लालीबाईचा आवाज चढला.

इतक्या वर्षांच्या सवयीने बाईंनी अर्थासाठी उज्ज्वलाकडे पाहिलं.

“हे तुमच्यासाठी नाई मावशी,” उज्ज्वला म्हणाली.

बाई पिशवी घेऊन निघाल्या. फाट्यावर जीप पाऊण तासाने आली. तेवढा वेळ त्या तांड्याकडे पाठ करून बसल्या. अंगणातले आवाज तिथपर्यंत येत नव्हते, तरीही.

घरच्या कॉम्प्युटरवरचं, हार्ड डिस्कवरचं, केतकीच्या पेन ड्राइव्हवरचं त्यांनी त्याच आठवड्यात काढलं. नागपूरला आणि उमरखेडला पत्रं लिहिली. एक उत्तर आलं, एक आलं नाही. उरलेल्या दोनशे बारा गाण्यांसाठी त्या गावोगाव जाऊन बायांना विचारू लागल्या: हे मी कोणाकोणाला दिलं आहे, चालेल का, पुढे देऊ का? बऱ्याच जणी हसल्या आणि म्हणाल्या, द्या की. नऊ जणी नको म्हणाल्या. एकीने इतकी वर्षं का विचारलं नाही, असं विचारलं. चौदा जणी आता राहिल्या नव्हत्या; त्यांच्या सुनांना विचारायचं की लेकींना, यावर बाईंना अजून निर्णय घेता आलेला नाही.

लालीबाईकडे त्या परत गेल्या नाहीत. बोलावणं आलं नाही. व्हिडिओ अधूनमधून कोणाच्या ना कोणाच्या फोनवर येतोच. मे महिन्यात भावजयीच्या माहेरच्या ग्रुपवर आला, खाली टाळ्यांची चित्रं होती.

जुलैमध्ये यवतमाळच्या बसस्टँडवर उज्ज्वला दिसली. पांढरा युनिफॉर्म, हातात डबा. टाळून जाता आलं असतं, पण तीच जवळ आली. “बऱ्या हा ना मावशी?”

“बरी आहे. तू?”

“बरी.”

रामसिंग घरी जेवतो का, एवढंच बाईंना विचारायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण ते विचारण्याचा हक्क आपल्याला आहे का, हे त्यांना ठरवता येईना, आणि बस तर लागली होती.

“दारव्ह्याची ना?” त्या म्हणाल्या. “चढ लवकर, जागा मिळणार नाही.”